वधू-वर सूचीतले सहाशे फोटो

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

तुळशीची लग्नं उरकली की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि आमच्याकडे सूच्यांचा. सांगली-मिरजेकडच्या मंडळांचे वधू-वर मेळावे डिसेंबरात. मेळाव्याच्या सकाळी सूची हातात पडायलाच हवी, कारण नोंदणी शुल्कातच तिचे पैसे धरलेले असतात. आज एका मंडळाचे चिटणीस पेन ड्राइव्ह ठेवून गेले. मेळावा १४ डिसेंबरला, रविवारी. छापखान्याला पीडीएफ ५ तारखेच्या आत हवी.

ए-फाइव्ह आकार, पानाला तीन नोंदी, मुलंमुली मिळून सहाशेच्या आसपास. डावीकडे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, उजवीकडे नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, संपर्क. आतली पानं मॅपलिथो कागदावर एकरंगी. मुखपृष्ठ आणि जाहिराती आर्ट पेपरवर रंगीत.

मजकूर एक्सेलमधून येतो, त्याचं दुखणं फारसं नाही. दुखणं फोटोंचं. नोंदणी बंद झाल्याचं जाहीर करूनही फोटो येत राहतात. कुणाला चष्म्याचा फोटो काढून बिनचष्म्याचा हवा असतो, कुणाच्या आत्याला पंजाबी ड्रेसमधला पसंत नसतो, कुणाचं मधल्या दिवसांत जमूनही जातं. हाताने करायचं तर चौकट निवडा, फाईल शोधा, बसवा, लहानमोठी करा, सरकवा, पुढच्या चौकटीकडे जा. फोटोला एक मिनिट धरलं तरी नुसत्या पहिल्या फेरीचे दहा तास. आणि फेरी कधीच एक नसते.

पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळापासून मी ही कामं करते. तेव्हा रात्री जागण्यावाचून इलाज नव्हता. यंदा मात्र फोटो बसवण्याचं काम, आता ज्यात पानं लावते त्या इनडिझाइनच्या स्क्रिप्टकडे द्यायचं ठरवलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेन ड्राइव्ह उघडला. गावोगावच्या प्रतिनिधींनी आपापले फोल्डर दिले आहेत: मिरज, तासगाव, विटा, जत, कऱ्हाड आणि पुन्हा एकदा कऱ्हाड. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर संगणक ठेवू देत नाही, मग हे दोन आले कुठून?

नावातल्या ऱ्हमध्ये सगळी मेख आहे. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला आहे. दुसऱ्याने साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह टाकलं आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. युनिकोडच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावं आहेत आणि संगणक युनिकोडचंच ऐकतो. जुन्या मॅकवरून आलेल्या फाईलनावांत तर तिसरंच रूप सापडतं: ऱ फुटून र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे झालेले. आमच्या भागात कऱ्हाड, कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी नावं पैशाला पासरी. नावावरून फोटो जुळवायला गेलं तर स्क्रिप्ट नेमकी यांच्यापाशी अडखळणार.

बरं, नाव सोडून नोंदणी क्रमांक धरावा, तर तिथेही गोंधळ. काहींनी फाईलला १४७ हे नाव देवनागरी आकड्यांत दिलंय, काहींनी रोमनमध्ये. जावास्क्रिप्टमध्ये 'इथे आकडा आहे का' हे तपासायची जी सोय आहे तिला फक्त रोमन आकडे कळतात. शिवाय मंडळाने मुलींना एकपासून क्रमांक दिले आहेत आणि मुलांनाही एकपासूनच. म्हणजे १४७ क्रमांकाची एक मुलगी आणि १४७ क्रमांकाचा एक मुलगा. या दोघांच्या फोटोंची अदलाबदल झाली तर ते विनोदावर निभावणार नाही.

तेव्हा आजचा सगळा दिवस नावं बदलण्यात. आमच्या कामापुरता नवा क्रमांक: मुलींचे १००० मध्ये मिळवून, मुलांचे ५००० मध्ये. ती १४७ झाली ११४७ आणि तो ५१४७. सगळे चार आकडी असल्याने क्रमही नीट लागतो; नाहीतर अक्षरक्रमाने लावताना १० हा २ च्या आधी येतो. देवनागरीचे रोमन आकडे एका छोट्या तुकड्याने करून घेतले. बाकी सगळं नोंदणीचे अर्ज समोर ठेवून, डोळ्यांनी. या कामाला दुसरा पर्याय नाही, आणि स्क्रिप्टचं अर्धं यश इथेच ठरतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भाचा सुट्टीला आला आहे, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणाला, "मावशी, इनडिझाइनमध्ये डेटा मर्ज आहे ना? ते वापर की." आहे, आणि चांगलं आहे. एक्सेलच्या ज्या रकान्यात फोटोच्या फाईलचा पत्ता असेल त्याच्या शीर्षकाआधी ॲट द रेटचं चिन्ह द्यायचं, की मजकुरासोबत फोटोही आपोआप बसतो. पण मर्ज दर वेळी नवीच फाईल काढून देतं. पानं लागल्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या, म्हणजे लांब पत्ता आत घेतलेला, अपेक्षांची यादी बसवलेली, जाहिरातीला जागा करून दिलेली, त्या नव्या फाईलमध्ये येत नाहीत. एकदाच छापायच्या ओळखपत्रांना मर्ज ठीक. शेवटच्या दिवसापर्यंत फोटो बदलणाऱ्या कामाला ते नको.

मला हवं आहे ते वेगळं: लागलेल्या पानांना हात न लावता फक्त चौकटीतला फोटो बदलणं.

इनडिझाइनमध्ये चौकट आणि आतला फोटो या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. काळ्या बाणाने धरली तर चौकट हलते, पांढऱ्या बाणाने धरला तर आतला फोटो. फोटोही खरं तर पानात नसतो, पानात असतो त्याचा दुवा आणि पडद्यापुरती एक झलक. मूळ फाईल बाहेरच राहते. चौकट तशीच ठेवून आतला माल बदलता येतो तो यामुळे.

आता स्क्रिप्टला कळावं कसं की कुठली चौकट कुणाची? त्यासाठी स्क्रिप्ट लेबल नावाची सोय आहे. कुठल्याही वस्तूला एक अदृश्य चिठ्ठी लावता येते, ती छापली जात नाही, मजकुरात दिसत नाही, पण स्क्रिप्टला वाचता येते. प्रत्येक चौकटीला तिचा चार आकडी क्रमांक लावला. हाताने नव्हे, पानावरच्या तिन्ही चौकटी वरून खाली क्रमाने घेऊन यादीतला क्रमांक लावत जाणारा वेगळा तुकडा लिहिला. चौकटीची जागा सांगताना इनडिझाइन वर, डावी, खाली, उजवी असे चार आकडे देतं. शाळेच्या आलेखात आधी आडवं मोजतात आणि मग उभं, इथे उलटं. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांचे फोटो पानाबाहेर जाऊन पडतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुख्य स्क्रिप्ट लिहायला बसले. भाच्याने दोन ओळी बघितल्या आणि हसायला लागला. "हे कुठल्या जमान्यातलं जावास्क्रिप्ट आहे?" १९९९ च्या. इनडिझाइनचं एक्स्टेंडस्क्रिप्ट हे जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेलं आहे. यादीत एखादी गोष्ट कितव्या जागी आहे हे विचारायची सोय नाही, शब्दाच्या मागचीपुढची मोकळी जागा छाटायची सोय नाही, सगळं आपलं आपण लिहायचं. २०२३ च्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीच्या स्क्रिप्टही चालतात, पण माझ्या संगणकावरची आवृत्ती त्याआधीची आहे आणि या एका कामासाठी ती बदलायची माझी तयारी नाही. जुनं जावास्क्रिप्ट पुरतं.

काम तसं सरळ. फोटोंच्या फोल्डरमधल्या फाईली एकेक करून घ्यायच्या. नावातले चार आकडे काढायचे. त्या क्रमांकाची चिठ्ठी असलेली चौकट दस्तऐवजात शोधायची. सापडली तर तीत फाईल बसवायची आणि आकार जुळवायचा. सापडली नाही तर तसं लिहून ठेवून पुढे जायचं.

खाचाखोचा मात्र आहेत. दस्तऐवजाकडे नुसत्या चौकटी मागितल्या तर तो सुट्ट्या चौकटींची यादी देतो. गटात बांधलेल्या तीत येत नाहीत. आमच्या नोंदींत फोटो, रेघ आणि क्रमांकाची पट्टी यांचा गट केलेला, त्यामुळे अशी यादी जवळजवळ रिकामीच. 'सगळ्या वस्तू' मागाव्या लागतात, त्यात गटांच्या पोटातलंही येतं. कुलूप लावलेल्या थरावरची चौकट आली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, म्हणून कुलपं आधी काढायची. मोजमापाचं एकक स्क्रिप्टमध्येच मिलिमीटर म्हणून ठरवून टाकायचं, कारण पट्टीवर कुणी पॉइंट लावून ठेवले असतील तर तेच ४५ मिलिमीटरऐवजी ४५ पॉइंट धरले जातात, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. मध्येच उघडणाऱ्या सूचनांच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर यंत्र आपल्या एका 'ओके'साठी रात्रभर ताटकळत राहतं.

एक सोय मात्र विसरू नये अशी. पूर्ण स्क्रिप्ट एकाच 'अनडू'मध्ये बांधता येते. सहाशे फोटो बदलले आणि मनासारखं झालं नाही, तर एका कळीने सगळं पूर्ववत. ही ओळ नसलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या फाईलवर कधीच चालवू नये.

संध्याकाळी मिरजेच्या फोल्डरवर चालवली. चहा उकळेपर्यंत फोटो बसले होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बसले, पण निम्म्यांचे केस कापले गेले.

त्याचं कारण साधं आहे. चौकटीचं प्रमाण ३५ ला ४५. मोबाईलवर उभा काढलेला फोटो बऱ्याचदा ९ ला १६. 'प्रमाण न बिघडवता चौकट पूर्ण भरा' असं सांगितलं की रुंदी ३५ होते आणि उंची ६२ च्या थोडी वर. जास्तीचे १७ मिलिमीटर कुठूनतरी छाटले जाणारच. मधोमध ठेवलं तर वरून साडेआठ आणि खालून साडेआठ. उभ्या फोटोत चेहरा वरच्या तिसऱ्या भागात असतो, त्यामुळे खालून शर्टाचं बटण गेलं तरी चालतं, वरून साडेआठ मिलिमीटर गेले की कपाळ जातं.

दुसरा पर्याय 'पूर्ण फोटो चौकटीत मावेल असं करा'. त्यात काही कापलं जात नाही, पण दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात आणि चेहरा नखाएवढा होतो. तिसरा पर्याय चौकटीच्या मापाला फोटो ताणण्याचा. तो मेनूत ठेवलाच कशाला असं मला नेहमी वाटतं. स्थळ बघायला बसलेल्यांना सगळीच मुलं गुटगुटीत दाखवायची काय?

२०१९ च्या आवृत्तीपासून इनडिझाइन फोटोतला महत्त्वाचा भाग स्वतः ओळखून तो मध्ये आणायचा प्रयत्न करतं. करून बघितलं. एकट्या माणसाच्या फोटोत बरं काम करतं. मागे देऊळ किंवा समुद्र असेल तर कधीकधी त्यालाच महत्त्व देतं. सहाशेपैकी कुठले बिघडलेत हे शोधायला पुन्हा सहाशे बघावे लागणार असतील, तर मला साधा आणि दर वेळी सारखाच वागणारा नियम बरा.

नियम असा केला: चौकट भरा, आणि उंचीतला जास्तीचा भाग जितका असेल त्याचा चौथा हिस्साच वरून छाटा, बाकी खालून. ९ ला १६ च्या फोटोत वरून सव्वाचार मिलिमीटर जातात. चौरस फोटोला हा नियम लागतच नाही, तिथे जास्तीचा भाग रुंदीत असतो आणि तो दोन्हीकडून सारखा कापला जातो. स्टुडिओतून काढून आणलेले पासपोर्ट फोटो मुळातच ३५ ला ४५ असल्याने जसेच्या तसे बसतात. स्टुडिओवाल्यांचं भलं होवो.

जे तरीही नीट बसत नाहीत ते हाताने सरकवायचे आणि चिठ्ठीत क्रमांकापुढे एक फुली लावायची. फुली असलेल्या चौकटीत फोटो तोच असेल तर पुढच्या फेरीत स्क्रिप्ट तिला शिवत नाही. हाताने केलेलं काम यंत्राने पुसू नये, याची तजवीज आपणच करायची असते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वीज नव्हती. जाहिरातींच्या बिलांचा हिशेब केला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चिटणिसांचा फोन. "फोटो व्हॉट्सॲपवरनं आलेत, ते फुटणार तर नाहीत ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर लोकांना वाटतं त्याच्या उलटं आहे.

३५ मिलिमीटर म्हणजे १.३८ इंच. इंचाला ३०० बिंदू धरले तर रुंदीला ४१३ बिंदू आणि उंचीला ५३१ पुरतात. मॅपलिथोवर छपाईच्या ठिपक्यांची १३३ लाईनची जाळी असेल तर २०० ते २६६ वरही भागतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, पण तरी लांब बाजूला १६०० च्या आसपास बिंदू राहतात. म्हणजे गरजेच्या तिप्पट. सूचीतल्या फोटोला ते भरपूर झालं.

फुटतात ते वेगळे. मामाच्या लग्नातल्या समूहचित्रातून कापून काढलेला चेहरा जेमतेम १५० बिंदू रुंद असतो. तो ३५ मिलिमीटरवर ताणला की इंचाला १०९. फोटोचा स्क्रीनशॉट, त्या स्क्रीनशॉटचा पुन्हा स्क्रीनशॉट, भिंतीवरच्या तसबिरीचा काढलेला फोटो, हे सगळे त्याच पंगतीतले. आणि खरा फटका बसतो जाहिरातींना. पूर्ण पान जाहिरात कापणीच्या जागेसह १५४ बाय २१६ मिलिमीटर. तिला १८१९ बाय २५५१ बिंदू हवेत. सराफाने तीच जाहिरात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की उंचीला १६०० उरतात, इंचाला १८८. माणसाचा चेहरा तेवढ्यात खपून जातो, पण जाहिरातीतला बारीक मजकूर, फोन नंबर, दागिन्याची किनार खपत नाही. पैसे मात्र जाहिरातवाल्याने दिलेले असतात.

इनडिझाइन प्रत्येक फोटोचे दोन आकडे ठेवतं. एक फाईलवर लिहिलेला, दुसरा पानावर लहानमोठा केल्यानंतरचा खरा. पहिल्याकडे ढुंकूनही बघू नये. ७२ लिहिलेला फोटो उत्तम छापतो आणि ३०० लिहिलेला फुटतो. स्क्रिप्ट आता फोटो बसवल्यावर दुसरा आकडा वाचते आणि २०० च्या खाली असेल तर क्रमांक यादीत टाकते. जाहिरातींसाठी ती मर्यादा २५० ठेवली.

उलट बाजूही आहे. कॅमेऱ्यातून थेट आलेले फोटो तीन-चार एमबीचे. ३५ मिलिमीटरच्या चौकटीत ४००० बिंदूंचा फोटो ठेवला तर पानावर तो लहान दिसतो, पण फाईल तेवढीच जड राहते. पानावर लहान करणं आणि फोटोच लहान करणं या दोन गोष्टी निराळ्या. फोटोशॉपमधल्या इमेज प्रोसेसरने अशा मोठ्या फोटोंच्या प्रती लांब बाजूला १००० बिंदूंवर आणल्या, मूळ फाईली वेगळ्या फोल्डरात जपून. पीडीएफ काढतानाही इनडिझाइन ४५० च्या वरचे फोटो ३०० वर उतरवतं, पण तोवर दीड-दोन जीबीचं ओझं ओढत काम करायचं कशाला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आतली पानं एकरंगी, म्हणून फोटो करड्या छटांत करायचे. मॅपलिथो शाई पितो. पडद्यावर ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर पसरून ७० च्या घरात जातो. सगळेच चेहरे दिसतात त्यापेक्षा काळवंडून छापतात. म्हणून मधल्या छटा आधीच थोड्या उजळाव्या लागतात. त्यासाठी छापखान्याकडच्या जुन्या सूचीचं पान समोर ठेवून एक वक्र ठरवला आणि इमेज प्रोसेसरमधून सगळ्या फोटोंवर तोच चालवला.

दुपारी एका मुलीच्या आई आल्या. लांबून, बसने. पिशवीतून फोटो काढून म्हणाल्या, "ताई, जरा उजळ करता येईल का हो? एवढंच करा." मागच्या वर्षीही आल्या होत्या, तेव्हा दुसऱ्या मुलीसाठी.

मी नाही म्हटलं. कागदामुळे जेवढं काळं होतं तेवढं मी सगळ्यांचंच परत देते, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. त्याहून उजळ करून दिलं तर मेळाव्यात समोरासमोर आल्यावर त्या मुलीनेच ते सोसायचं. त्यांना पटलं असं नाही. चहा घेतला आणि गेल्या.

हाताने एकेक फोटो करत होते तेव्हा असे 'जरासे' पुष्कळ व्हायचे. ओळखीच्यांचे अधिक. डॉक्टरांच्या मुलाचे अधिक. आता सहाशे जणांना एकच वक्र लागतो, आणि स्क्रिप्टचं मला सर्वांत आवडलेलं अंग हेच आहे. वेळ वाचतो हे ठीक, पण वशिला थांबतो हे मोठं.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

भाच्याने सुट्टी संपण्याआधी एक सुचवलं. नाव थोडंसं वेगळं असलं तरी जवळचं नाव शोधून जुळवणारा तुकडा त्याच्याकडे तयार आहे. ११४७ ऐवजी कुणी ११४ आणि पुढे काहीतरी लिहिलं तरी तो ओळखेल. हुशार आहे. पण घेतला नाही.

कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये निळ्या साडीच्या जागी जांभळी साडी लागली तर गिऱ्हाईक फोन करतं आणि विषय मिटतो. इथे एका मुलीच्या नावासमोर दुसऱ्या मुलीचा फोटो लागला तर दोन घरं रागावतात, आणि त्यांच्या रागाला अर्थ असतो. पंधराशे प्रती वाटल्यानंतर त्याला दुरुस्ती नाही. म्हणून या स्क्रिप्टने अंदाज करायचा नाही. क्रमांक तंतोतंत जुळला तरच फोटो बसवायचा, नाहीतर चौकट रिकामी ठेवायची. एकाच चिठ्ठीच्या दोन चौकटी सापडल्या तर दोन्हींना हात लावायचा नाही. चौकट कॉपी केली की चिठ्ठीही सोबत जाते, त्यामुळे असे जुळे निघतात. एकाच क्रमांकाच्या दोन फाईली असल्या तर नवी कुठली हे तारखेवरून ठरवायचं नाही, कारण व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाईलला उतरवल्याची तारीख लागते, काढल्याची नव्हे. माणसाला विचारायचं.

आणि जे जे केलं नाही ते लिहून ठेवायचं. स्क्रिप्ट शेवटी एक साधी टेक्स्ट फाईल काढते: फोटो आहे पण चौकट नाही, चौकट आहे पण फोटो नाही, जुळी चिठ्ठी, बिंदू कमी. (ही फाईल लिहिताना युटीएफ-८ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.) मी आता पानं आधी उघडतच नाही, ही यादी उघडते. स्क्रिप्ट लिहिणारे वेगाचं कौतुक सांगतात; माझ्या मते जी स्क्रिप्ट आपण काय सोडलं ते सांगत नाही ती कितीही वेगवान असली तरी घरात घेऊ नये.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बदलांचा मोठा गठ्ठा आला. चाळीसेक नवे फोटो, काही जणांचं जमलेलं, थोडे अजून येणार. पूर्वी या दिवशी मी फोन उचलत नसे. आज फाईलींना क्रमांक दिले, फोल्डरात टाकल्या, स्क्रिप्ट चालवली, यादी वाचली. जमलेल्यांच्या जागी मंडळाचं बोधचिन्ह बसवायचं होतं, तेही त्याच क्रमांकाने बोधचिन्हाची प्रत ठेवून झालं. नोंदीचा क्रमांक तसाच राहतो, पुढचे क्रमांक सरकत नाहीत, अनुक्रमणिका बिघडत नाही.

चिटणीस शेजारी बसून बघत होते. "एवढ्यात झालं?" म्हणाले. मग थोडं थांबून, "मग या वर्षी बिल कमी लागणार का?" म्हटलं, काका, फोटोंची नावं तुमच्या लोकांनी नीट दिली तर नक्की लागेल.

२ डिसेंबर, मंगळवार

शेवटची वाचणी. प्रिंट काढून दोन माणसं बसली: एकाच्या हातात मूळ अर्ज, अर्जाला टाचलेला फोटो, दुसऱ्याच्या हातात पान. क्रमांक, नाव, चेहरा, प्रत्येकावर बोट ठेवून. पहिल्या दिवशी फाईलला नाव देतानाच कुणाच्या हातून क्रमांक चुकीचा पडला असेल, तर स्क्रिप्टने तो इमानेइतबारे चुकीच्याच जागी बसवलेला असणार. तिच्या यादीत ते दिसत नाही. ते फक्त अर्जाशी ताडून दिसतं. दिवसभर लागला आणि लागायलाच हवा होता.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

नरसोबाच्या वाडीला गर्दी असणार म्हणून सकाळीच पीडीएफ काढून छापखान्याला दिली. पीडीएफ/एक्स-१ए, म्हणजे रंग सगळे छपाईचेच, पडद्याचा एकही नाही. प्लेट उद्या. शनिवारी पहिला फॉर्म यंत्रावर.

५ डिसेंबर, शुक्रवार

छापखान्याने विचारलं म्हणून, आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या अर्जावरच छापून टाकावं म्हणून, आज पालकांसाठी हे लिहून दिलं:

फोटो एकट्याचा द्या, उभा, साध्या पार्श्वभूमीचा. डोक्याच्या वर थोडी जागा मोकळी सोडा. समूहचित्रातून कापू नका, स्क्रीनशॉट पाठवू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'फोटो' नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होत नाही. जाहिरातदारांनी तर हे कटाक्षाने पाळावं. फाईलला मुलाचं किंवा मुलीचं नाव देऊ नका, पावतीवर छापलेला क्रमांक आणि मुलगी की मुलगा एवढंच द्या. फोटो बदलायचा झाला तर त्याच क्रमांकाने नवा पाठवा आणि 'आधीचा रद्द करा' असं एका ओळीत कळवा. आणि उजळ करून मागू नका, सगळ्यांचे सारखेच होतील.